रविवारी लेकरांना कुठं न्यायचं

माझी मोठी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी चौथीत होती आणि मुलगा अंगणवाडीत. एका सकाळी डबे भरता भरता ती डोकं धरून ओट्यापाशी खाली बसली. शेजारच्यांनी जीपमध्ये घालून तिला अंबडला नेलं, अंबडहून जालन्याला पाठवलं, आणि जालन्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. आधी काही दुखत होतं का, असं जो तो आम्हाला विचारत होता. दुखत असेलही. तिनं कधी सांगितलं नाही.

दाजी अंकुशनगरला साखर कारखान्यात कामाला होते आणि तिथल्याच वसाहतीत राहत होते. मी आणि आई बदनापूरला राहतो. मी जवळच्याच एका शाळेत शिकवते. लग्न केलेलं नाही, म्हणजे जमलं नाही आणि नंतर मी त्याचा विचार सोडला. ताई वर्षातून दोनदा माहेरी यायची, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसले, आणि आईनं धाकट्याला मिठीत घेऊन जो हंबरडा फोडला तो ऐकून पोरगं घाबरून कॉटखाली शिरलं. कुणाच्या हाकेनं बाहेर येईना. पुढच्या खेपेला आई अंकुशनगरला गेली तेव्हाही तेच झालं. तिला थांबताच यायचं नाही. लेकरांना पाहिलं की ते तिच्या हातात नसायचं.

मग एकदा दाजी एकटेच मोटारसायकलवर बदनापूरला आले. चहा घेतला, आईशी इकडचं तिकडचं बोलले आणि निघताना मला दारात म्हणाले, "लेकरांना सध्या इथं नको आणू. आईंनी धरलं की बारका चार-चार दिवस झोपत न्हाई, अंथरुणात करतो. तू रविवारी ने त्यांना. कुठं बी फिरव, त्यांना बी बरं वाटंल. पण इथं नको." हे बोलताना ते चपलेकडे पाहत होते. मला त्यांचा राग आला नाही. आत आईनं सगळं ऐकलं होतं. मी वळले तर ती कपबशा गोळा करत होती. "बराबर हाय त्याचं," एवढंच म्हणाली.

जून लागला होता. उन्हाळ्यात किंवा थंडीत लेकरांना घेऊन कुठंही बसता येतं. झाडाखाली, मैदानात, एखाद्या ओळखीच्याच्या शेतात. पावसात छप्पर लागतं, आणि तासन् तास बसलं तरी 'काय पाहिजे?' असं कुणी विचारणार नाही असं छप्पर लागतं. तोवर मला कधी जाणवलं नव्हतं की आमच्या जिल्ह्यात अशी छपरं किती कमी आहेत. लोक आमच्याकडे कामाला येतात, बियाणं घ्यायला येतात, लोखंड न्यायला येतात. पाहायला कुणी येत नाही.

मी सकाळच्या पहिल्या बसनं जालन्याला जायचे, तिथून अंबडला. दाजी लेकरांना घेऊन अंबडच्या स्टँडवर यायचे. धाकटा टाकीवर, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला, आणि मोठी मागे, वाऱ्यानं उलटी झालेली छत्री धरून. दाजी माझ्या हातात कोरड्या कपड्यांची पिशवी द्यायचे, संध्याकाळची वेळ सांगायचे आणि कागद झटकून लगेच परत फिरायचे.

पहिल्या रविवारी आम्ही अंबडलाच मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर गेलो. आम्ही देवळात जाणारी माणसं नाही, ताईही कधी गेली नव्हती. पण पाऊस कोसळत होता आणि वर मंडप होता. तिथं एका कोपऱ्यात मी चादर अंथरली. टेकडीचा आकार माशासारखा आहे असं मी सांगितलं तेव्हा धाकटा बराच वेळ कठड्याशी उभा राहून माशाचा डोळा शोधत होता. मोठी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, एसटीची वाट पाहत असल्यासारखी. मी आईनं दिलेले धपाटे काढले. कुणी दिले ते मी सांगितलं नाही. मोठीनं एक घास घेतला आणि म्हणाली, "आजीनं केलेत." मग तिनं सावकाश, नीट चावून सगळं खाल्लं. आजी का येत नाही, हे तिनं विचारलं नाही. तिनं त्या दिवशी फक्त एकच गोष्ट विचारली, ती म्हणजे अजून किती वेळ आहे.

पुढच्या रविवारी मी त्यांना जालन्याला घेऊन गेले. एका जुन्या इमारतीत कुणा हौशी माणसानं जमवलेल्या वस्तूंचं छोटं संग्रहालय होतं. सरकारी नव्हतं, पाटीही धड दिसत नव्हती. तिथला माणूस आम्हाला पाहून जरा चकित झाला आणि आमच्यासाठी एकेका खोलीतले दिवे लावत पुढे चालू लागला. निजामाच्या काळातली नाणी, अडकित्ते, पानाचे डबे, गंजलेल्या तलवारी, धान्य मोजायची पायली आणि शेर. मोठी प्रत्येक चिठ्ठी वाचत होती. ती वाचायची म्हणून मीही थांबत होते.

शेवटच्या खोलीत जुन्या काळचं स्वयंपाकघर मांडलं होतं. चूल, उतरंड, पाटा, आणि जात्याशी बसलेली प्लास्टरची बाई. तिला खरं लुगडं नेसवलं होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या. लुगड्यावर धूळ बसली होती आणि एका बोटाचा तुकडा पडून आतली तार दिसत होती. धाकटा तिच्यासमोर थांबला. हात मागे बांधून तिला खालीवर पाहत राहिला.

"मावशी, ही मेली का?"

मला हसू आलं. मी म्हणाले, "न्हाई रे, पुतळा हाय तो. मातीचा."

"मंग मेलेल्या बाया कुठं ठेवत्यात?"

दिवे लावणारा माणूस दारात उभा होता, तो दुसरीकडे पाहू लागला. मोठीनं चिठ्ठी वाचणं थांबवलं होतं. मी काहीतरी म्हणाले, आता आठवत नाही, आणि धाकट्याचा हात धरून त्याला पुन्हा तलवारींकडे नेलं.

त्यानंतर दर रविवारी मोटारसायकलवरून उतरताच तो म्हणायचा, "म्युझियमला चल." शब्द त्याला नीट यायचा नाही, 'मुजियम' म्हणायचा. मला ते आवडलं. शाळेत मी सगळ्यांना सांगितलं, की एवढंसं पोरगं आहे, पण जुन्या वस्तू पाहायला किती आतुर असतं. आम्ही पुन्हा गेलो, आणखी एकदा गेलो. तो नाण्यांजवळ थांबायचा नाही, तलवारींजवळही नाही. पळत शेवटच्या खोलीत जायचा, तिथं त्या बाईच्या मागं वाकून पाहायचा, दाराआड पाहायचा, आणि मग शांत व्हायचा. मी समजले की त्याला लपाछपी खेळायची आहे.

एका रविवारी ते संग्रहालय बंद होतं आणि पाऊस तर असा की समोरचं दुकान दिसेना. आम्ही रिक्षा करून स्टेशनवर गेलो, प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि बाकड्यावर बसून गाड्या पाहिल्या. एक लांबलचक मालगाडी आली. धाकटा डबे मोजू लागला, विसानंतर त्याला आकडे येत नव्हते म्हणून परत एकपासून सुरू करायचा. मोठी त्याला हसली. मग इंजिनाच्या भोंग्यानं आमच्या शेजारच्या बाईच्या हातातला चहा सांडला, ती बाई स्वतःच खो खो हसायला लागली, आणि मोठीलाही हसू आवरेना. ती माझ्या खांद्याला टेकून बसली आणि वर्गातल्या एका मैत्रिणीची लांबच लांब तक्रार सांगत राहिली. बाहेर पन्हाळी धो धो वाहत होत्या. त्या दिवशी बदनापूरला परतताना मला वाटलं, होईल. हळूहळू होईल. तसं मला नंतर कधी वाटलं नाही.

श्रावणात मी दाजींना विचारून लेकरांना संभाजीनगरला न्यायचं ठरवलं. तिथं मोठं म्युझियम आहे, दोन मजली, असं मी धाकट्याला सांगितलं तर आठवडाभर तो तेच बोलत होता म्हणे. त्या दिवशी दाजींनी त्यांना जालन्यापर्यंत आणून सोडलं. जालन्याहून निघालेली बस बदनापूरवरूनच जाते. आदल्या दिवशी मी हे आईला सांगितलं होतं. सांगायला नको होतं की सांगायला हवं होतं, मला कळत नाही.

बस बदनापूरच्या थांब्यावर आली तेव्हा आई तिथं उभी होती. पाऊस तिरपा येत होता आणि तिच्या छत्रीचा काही उपयोग नव्हता. ती शेडमध्ये थांबली असती तर भिजली नसती, पण शेडमधून खिडकी दिसली नसती. तिनं हात वर केला नाही, हाक मारली नाही. नुसती काचेकडे बघत राहिली. काच बंद होती, वाफेनं धुरकट झालेली. धाकटा माझ्या मांडीवर बसून बोटानं काचेवर रेघोट्या ओढत होता, त्याला काही दिसलं नाही. माणसं चढली, कंडक्टरनं घंटी दिली, बस निघाली. बरंच पुढे गेल्यावर मोठी म्हणाली, "आजी भिजत होती."

"हो," मी म्हणाले.

"तिला घ्यायचं ना बसमध्ये."

मी म्हणाले, पुढच्या वेळी घेऊ. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि परत समोर पाहू लागली. लहान मुलांना खोटं लगेच कळतं, हे मला शाळेत शिकवून माहीत होतं.

ते म्युझियम खरंच मोठं होतं. रविवारची गर्दी होती, ओल्या चपलांनी फरशी घसरडी झाली होती. मूर्ती, चिलखतं, भांडी, जुनी वस्त्रं, जुनी पुस्तकं. धाकटा माझा हात सोडून पळत सुटला. एका दालनातून दुसऱ्यात, प्रत्येक पेटीच्या मागं, प्रत्येक पडद्याच्या मागं. मी त्याच्या मागं आणि माझ्या मागं मोठी. वरच्या मजल्यावर टोकाला एक दालन बंद होतं. दाराला कुलूप होतं आणि आत काम चालू असल्याचा कागद चिकटवला होता. तो त्या दारासमोर फतकल मारून बसला.

"चल," मी म्हणाले, "हे बंद हाय."

"इथंच हाय ती."

"कोण?"

"मम्मी."

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. जात्यामागं वाकणं, दाराआड पाहणं, 'मुजियम'साठीचा त्याचा हट्ट. त्याला ताईचं तोंड दाखवलं नव्हतं. तिला घरी आणलं तेव्हा त्याला शेजारच्या घरी कार्टून लावून बसवलं होतं, आणि ते आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, त्याच्या भल्यासाठी. मी त्याच्यापुढे खाली बसले. वर्गात मी चाळीस पोरांना काहीही समजावू शकते. तिथं मी नुसता त्याचा शर्ट नीट करत राहिले.

मोठीच बोलली. आवाज न चढवता, पाढे म्हणावे तसं. "मम्मीला जाळलं. कारखान्याच्या पलीकडं. पप्पांनी सांगितलं मला. ती कुठंच न्हाई, समजलं का तुला? कुठल्याच मुजियममधी न्हाई."

तो माझ्याकडे वळला. "खरं का मावशी?"

"हो रे."

तो रडला नाही. विचार करत होता. "कपड्यासकट जाळलं?"

"हो."

"मंग दुखलं आसंल."

"न्हाई दुखत," मी म्हणाले. "माणूस गेलं की काहीच दुखत नसतं."

"तुला काय म्हाईत," मोठी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, की मला काय माहीत. पहारेकरी आला आणि रस्ता सोडून बसा म्हणाला. आम्ही उठलो. खालच्या मजल्यावर येऊन मी दोघांना वेफर्स घेऊन दिले. त्यांनी ते खाल्लेही. परतीच्या बसमध्ये दोघं झोपले. बदनापूर आलं तेव्हा मी खिडकीकडे पाहिलं नाही.

त्या रात्रीपासून धाकट्याला ताप भरला. ताप उतरला, पण मग घरात कुणी गॅस पेटवला की तो किंचाळायला लागला. निळा जाळ दिसला की अंगणात पळायचा, पाऊस असला तरी. दाजी दोन वेळचं जेवण कारखान्याच्या कॅन्टीनमधून आणू लागले. त्यांनी मला फोन केला. मला वाटलं, बोलतील मला. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, काय झालं, कोण काय म्हणालं. मग म्हणाले, "काही दिवस राहू दे फिरणं." मी बरं म्हणाले. पावसाळा अजून बराच शिल्लक होता.

दिवाळीच्या सुमारास आमचे मामा अंकुशनगरला जाऊन आले आणि तिथून थेट आमच्याकडे. आईजवळ बसून त्यांनी जे सांगितलं ते मी आतल्या खोलीत चहा करताना ऐकलं. त्यांनी दाजींकडे दुसऱ्या लग्नासाठी माझं नाव काढलं होतं. घरचीच मुलगी हाय, लेकरांना तिची सवय हाय, बाहेरची आणून काय भरवसा. मला कुणी आधी विचारलं नव्हतं. दाजी त्यांना म्हणाले होते, "ती घरात हिंडाय लागली की मला तिची बहीणच दिसल. मला जमायचं न्हाई मामा. येडा होईन मी." मामा हे सांगताना जरा खजील झाले होते.  मी चहा नेऊन ठेवला. मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, हे मी पुष्कळदा ठरवून पाहिलं आहे. ठरत नाही.

हिवाळ्यात दाजींनी लग्न केलं. विहारात, मोजक्या माणसांत. ती घनसावंगीकडची, पहिल्या घरी मूलबाळ झालं नाही म्हणून परत आलेली. शांत बाई. आम्ही दोघी गेलो होतो. आई मंडपाबाहेर खुर्चीवर बसली, आत आली नाही, पण निघताना तिनं त्या बाईच्या डोक्यावरून हात फिरवला. दाजींनी लेकरांना शिकवलं होतं, हिला आई म्हणायचं. मम्मी ती मम्मीच. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. त्या बाईनं महिनाभर धाकट्यासमोर गॅस पेटवला नाही. तो झोपला की स्वयंपाक करायची, असं मोठीनं मला फोनवर सांगितलं. मग एक दिवस त्यालाच लायटर धरायला दिला. भीती गेली त्याची. आम्हाला हे सुचलं नसतं.

पुढच्या पावसाळ्यात तिनं स्वतःच मला फोन केला. "ताई, गोदेला पूर आलाय. आम्ही लेकरांना घेऊन माझ्या माहेरी चाललो. तुम्ही बी या. लई दिवस झाले, लेकरांची भेट न्हाई."

मी घनसावंगीला गेले, तिथून आम्ही सगळे जीपमध्ये दाटीवाटीनं बसून नदीच्या पुलापर्यंत गेलो. दाजी कामावर होते. पुलावर जत्रा भरल्यासारखी माणसं आली होती, मक्याची कणसं भाजणारे, फोटो काढणारे. पाणी मातीच्या रंगाचं, पुलाच्या बरंच जवळ आलेलं. कडब्याच्या पेंढ्या वाहत येत होत्या, एक निळं पिंप आलं आणि खांबाला आपटून फिरत राहिलं. धाकट्याला कठड्यावरून दिसत नव्हतं. तो टाचा उंच करून पाहत होता. मी त्याला उचलायला वाकले, तेवढ्यात तो वळून म्हणाला, "मम्मी, मला उचल."

तो माझ्याशी बोलत नव्हता.

ती बाई कावरीबावरी झाली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्याला हळूच म्हणाली, "आई म्हण बाळा."

"मम्मी, उचल ना, दिसत न्हाई मला."

तिनं उचललं. काय करणार होती? तिच्या गळ्यात हात टाकून तो पाणी पाहू लागला. मीही पाणी पाहू लागले. थोड्या वेळानं मोठी माझ्याजवळ सरकली. वर्षभरात ती माझ्या खांद्यापर्यंत आली होती.

"मावशी, तुला राग आला?"

"न्हाई गं. लहान हाय तो."

"मला आला," ती म्हणाली. मग कठड्यावरच्या रंगाची ओली खपली नखानं काढत राहिली. "मला मम्मीचा आवाज आठवत न्हाई आता. आठवाय गेलं की तुझाच येतो."

"आमचा सारखाच होता. फोनवर लोक फसायचे."

"सारखा नव्हता," ती म्हणाली. "थोडा येगळा होता. तेच आठवत न्हाई. तू बोलली की ते अजून पुसतं." तिनं मान खाली घातली. "तू थोडा वेळ बोलू नको ना."

मी गप्प राहिले. ती डोळे मिटून उभी होती, ओठ घट्ट. आजूबाजूला माणसं ओरडत होती, जीपवाले हॉर्न वाजवत होते. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. मी भुवया उंचावून विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

निघताना त्या बाईनं मला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही येत जा. मी येऊ नका म्हणत न्हाई. पण तुम्ही फोन केला की मोठी दोन दिस माझ्याशी बोलत न्हाई. जेवत बी न्हाई नीट. मला कळंना काय करावं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती खरं बोलत होती आणि तिचं काही चुकत नव्हतं. कुणाचंच काही चुकत नव्हतं, हेच मला त्या जीपमध्ये परतताना सहन होत नव्हतं. कुणावर तरी चिडता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी फोन कमी केले. मग सणावारी करू लागले. मोठी 'हो', 'बरं', 'अभ्यास चालू हाय' एवढंच बोलायची, आणि मीही थोडक्यात आटपायचे, कारण जास्त बोललं की तिचं काहीतरी पुसलं जाणार हे मला माहीत होतं.

गेल्या वर्षी दाजींना पश्चिमेकडच्या एका मोठ्या कारखान्यात काम मिळालं. जायच्या आधी त्यांचा फोन आला. "लेकरांना आईंच्या भेटीला आणतो. आता काही अडचण न्हाई. बारका बी मोठा झालाय."

आईला मी हे सांगितलं. मग तिनं घर आवरायला घेतलं. मला म्हणाली, "मी रडणार न्हाई. बघ तू." आदल्या दिवशी तिनं भिंतीवरचा ताईचा फोटो स्वतःच्या हातानं उतरवला, पदरानं पुसला, साडीत गुंडाळून कपाटात ठेवला. पोरगं बिचकायला नको म्हणून. भिंतीवर फिकट चौकोन राहिला तर तिथं कॅलेंडर लावलं.

ते चौघं भर पावसात आले. मोठीनं दारातच वाकून आजीच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "बऱ्या हैत का आजी तुम्ही?" आधी ती आजीला 'तू' म्हणायची. धाकटा खुर्चीच्या कडेवर बसला, पाय हलवत. आईनं त्याला जवळ ओढलं नाही. कितवीत गेला विचारलं, मास्तर मारतात का विचारलं. तो नीट उत्तरं देत होता. आईनं शिरा केला होता, तो त्यानं दोन चमचे खाऊन बाजूला ठेवला आणि वडिलांकडे मोबाइल मागितला. मोठी खिडकीतून रस्ता पाहत होती. त्या बाईनं आईला हातभार लावला, कपबशा विसळल्या. आई खरंच रडली नाही. तिचा आवाजसुद्धा हलला नाही. इतक्या दिवसांत तिनं कुठं, कसं हे शिकून घेतलं होतं कोण जाणे. पण आता ती रडली असती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. धाकट्यानं मोबाइलमधून डोकं वर काढून पाहिलं असतं, एवढंच.

अंधार पडायच्या आत निघू म्हणून ते उठले. मोठीनं पुन्हा पायाला हात लावला, माझ्याकडे पाहून हसली. पाहुणे हसतात तसं. आई दारात उभी राहिली, गाडी वळेपर्यंत.

आत आल्यावर ती खाली बसली आणि म्हणाली, "चांगल्या वळणाची लेकरं हैत." थोड्या वेळानं म्हणाली, "तिचं एकात बी काही दिसलं न्हाई गं मला."

मी म्हणाले, मोठीचं कपाळ ताईसारखं आहे. आईनं विचार केला आणि मान हलवली. न्हाई, म्हणाली, ते बापाकडचं हाय.

फोटो परत लावायचा का, हे मी त्या आठवड्यात दोनदा विचारलं. आई म्हणाली, लावू. कॅलेंडरचं वर्ष संपलं, त्याच जागी दुसरं लागलं. या वर्षी पाऊस पुष्कळ झाला. रविवारी सुट्टी असते. मी कपडे धुते, ते वाळत नाहीत, दोरी आतल्या खोलीत बांधते. आई खाटेवर पडून असते. स्टँडवरून संभाजीनगरच्या बसचा आवाज आला की ती कूस बदलते.